किरणोपचारांना धातूची जोड

२२ डिसेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्यूर्झबुर्ग येथे प्राध्यापक विल्हेल्म राँटगेन यांनी आपल्या पत्नीचा हात छायाचित्रणाच्या काचेवर ठेवविला आणि त्यावर क्ष-किरण सोडले. काचेवर उमटलेले चित्र पुढे जगभर गाजले. मांसाचा भाग त्यात पुसट होता, हाडे ठळक होती आणि बोटातील अंगठी सर्वांत ठळक होती. जिवंत माणसाची हाडे पाहावयास मिळाल्याच्या नवलाईत त्या अंगठीची दखल कोण घेणार? धातू किरणांना अडवितो, एवढाच तिचा अर्थ लावला गेला. परंतु अडविलेल्या किरणांबरोबर जी ऊर्जा धातूत शिरते तिचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या चित्रातच दडलेला होता. आणि शंभराहून अधिक वर्षांनी कर्करोगावरील किरणोपचारांचे संशोधक याच प्रश्नापाशी येऊन पोचले आहेत. धातूचे अत्यंत सूक्ष्म कण कर्करोगाच्या गाठीत पोचवावेत, मग गाठीवर किरण सोडावेत, आणि धातूने अडविलेली ऊर्जा तेथल्या तेथे गाठीतील पेशींवर उधळली जावी, अशी ही कल्पना आहे.

अशा कल्पनेची बातमी झाली की तिला पाय फुटतात. सोन्याने कर्करोग बरा होतो, असा तिचा सारांश लोकांच्या तोंडी बसतो. ज्या घरात कोणी किरणोपचार घेत असते त्या घरी मग प्रश्नांची रांग लागते. डॉक्टरांनी हा उपाय आपल्याला का सांगितला नाही? तो परदेशात मिळतो काय? घर विकून तेथे जावे काय? या प्रश्नांना झटकून टाकणे निष्ठुरपणाचे होईल. पण त्यांची उत्तरे उत्साहाच्या भरात देणे त्याहून निष्ठुर. कल्पनेमागचे भौतिकशास्त्र भक्कम आहे. प्रत्यक्ष रुग्णांवर झालेल्या चाचण्यांचे फळ मात्र माफक आहे. आणि महाराष्ट्रातील रुग्णाच्या दृष्टीने जो प्रश्न निर्णायक ठरावा, तो या चाचण्या आखल्या गेल्या तेव्हा आखणाऱ्यांच्या समोरच नव्हता.

किरणोपचारांची मूळ अडचण त्यांच्या जन्माइतकीच जुनी आहे. किरणांना आपपरभाव नाही. शरीरातून जाताना ते अणूंमधील इलेक्ट्रॉन उखडून काढतात. हे इलेक्ट्रॉन पेशीतील डीएनएचे धागे स्वतः तोडतात किंवा पेशीतल्या पाण्यापासून अतिशय क्रियाशील असे घटक निर्माण करून त्यांच्याकरवी तोडवितात. डीएनएचे दोन्ही धागे जवळजवळ एकाच जागी तुटले तर ती मोडतोड सांधणे पेशीला अवघड जाते. निरोगी पेशी हे सांधण्याचे काम कर्करोगाच्या पेशींपेक्षा सामान्यतः बरे करतात, आणि त्यांना सवड मिळावी म्हणूनच मात्रा एकदम न देता हप्त्यांनी दिली जाते. मात्रा मोजण्याचे एकक ग्रे. एक किलोग्रॅम ऊतीमध्ये एक जूल ऊर्जा शोषली गेली म्हणजे एक ग्रे. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात साधारणपणे रोज दोन ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, अशा रीतीने सहा-सात आठवड्यांत साठ ते सत्तर ग्रे दिले जातात.

याहून अधिक दिले तर गाठ अधिक नष्ट होईल, हे डॉक्टरांना ठाऊक असते. हात आखडता घ्यावा लागतो तो शेजाऱ्यांसाठी. गाठीच्या भोवती लाळग्रंथी असतात, जबड्याचे हाड असते, मागे मज्जारज्जू असतो. ठरलेल्या मात्रेतच तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून रुग्णाचे तोंड आतून सोलवटते, लाळ आटते, अन्नाची चव जाते आणि पाण्याचा घोट गिळणेही जिवावर येते. एवढे सोसूनही काही गाठी दाद देत नाहीत. गाठीच्या मध्यभागी रक्तपुरवठा तोकडा असतो, तेथे प्राणवायू पोचत नाही. आणि प्राणवायूवाचून जगणाऱ्या पेशींना मारावयास अडीच ते तीनपट मात्रा लागते. गेल्या कित्येक दशकांतील सुधारणा पाहिल्या तर त्यांचा बहुतेक भर नेमबाजीवर आहे, असे दिसेल. किरणांचा झोत गाठीच्या आकाराबरहुकूम कातरला गेला, तो अनेक दिशांनी फिरवून सोडण्यात आला, रुग्णाच्या श्वासाबरोबर हलणाऱ्या गाठीवर नजर ठेवली गेली. नेम अचूक होत गेला. बाण तोच राहिला. धातूच्या कणांची कल्पना या परंपरेला सोडून आहे. तीत झोताला हात न लावता लक्ष्यच बदलावयाचे आहे. गाठ अशी करून ठेवावयाची की, त्याच किरणांनी तिचे अधिक नुकसान व्हावे आणि शेजाऱ्यांना त्याची झळ लागू नये.

यासाठी धातूच का? शरीराच्या मऊ भागात मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे हलके अणू असतात. त्यांचे अणुक्रमांक एक, सहा, सात आणि आठ. हाडातील कॅल्शियमचा अणुक्रमांक वीस, म्हणून क्ष-किरणांच्या चित्रात हाड उठून दिसते. सोन्याचा अणुक्रमांक ७९. कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांना एखादा अणू समूळ गिळून टाकण्याचा संभव त्याच्या अणुक्रमांकाच्या साधारण तिसऱ्या ते चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे अणुक्रमांक दुप्पट झाला की हा संभव आठ ते सोळापट होतो. किरण गिळताना अणूच्या आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. तेथे पडलेले भगदाड वरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन भरून काढतो, त्याची जागा आणखी वरचा घेतो, आणि या धावपळीत मोकळ्या झालेल्या ऊर्जेने आणखी काही इलेक्ट्रॉन अणूबाहेर ढकलले जातात. त्यांना फ्रेंच शास्त्रज्ञ पियेर ऑजे यांचे नाव मिळाले आहे. लीझ माइट्नर या विदुषीने हीच घटना ऑजे यांच्या आधी, १९२२ मध्ये नोंदली होती. नाव मात्र त्यांच्या वाट्यास आले नाही. या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा अल्प असते आणि ते दूर जाऊ शकत नाहीत. पेशीच्या एका कोपऱ्यातच ते आपली सारी ऊर्जा टाकून मोकळे होतात. एरवी दुबळेपणा ठरावा असा हा गुण येथे मोलाचा ठरतो.

धातूचा मोठा तुकडा या कामी उपयोगाचा नाही. त्याच्या पोटात सुटलेले इलेक्ट्रॉन पोटातच अडकून पडतात. कण जितका बारीक तितके त्याचे अणू पृष्ठभागाजवळ, आणि तितके अधिक इलेक्ट्रॉन बाहेर येणार. शिवाय पेशीपर्यंत, शक्य तर पेशीच्या आत, जावयाचे तर आकारही तसाच हवा. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर भरते आणि डीएनएच्या धाग्याची रुंदी दोन नॅनोमीटर. या कामी वापरले जाणारे कण दोनपासून पन्नास-शंभर नॅनोमीटरपर्यंतचे असतात. सोने इतके बारीक झाले की ते पिवळेही राहात नाही; पाण्यात तरंगणाऱ्या त्याच्या कणांचा रंग माणकासारखा लाल दिसतो. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये या लाल द्रावणांचा अभ्यास रॉयल सोसायटीपुढे मांडला होता.

सोन्याचे सूक्ष्म कण म्हटल्यावर मराठी वाचकाला सुवर्णभस्म आठवावे, हे स्वाभाविक आहे. भस्माच्या नमुन्यांत काही तपासण्यांमध्ये नॅनोमीटरच्या मापाचे कण आढळलेही आहेत. परंतु त्यावरून दोन्ही गोष्टी एकच, असे म्हणणे म्हणजे सुरी आणि नांगर दोन्ही लोखंडाचे म्हणून एकच, असे म्हणण्यासारखे आहे. भस्म पोटात घेतले जाते. प्रयोगशाळेतील कण ठरावीक मापाचे असतात, ते परस्परांना चिकटू नयेत म्हणून त्यांवर लेप दिलेला असतो, ते रक्तात किंवा थेट गाठीत सोडले जातात, आणि किरण पडेपर्यंत त्यांनी काहीही करू नये, अशीच अपेक्षा असते. किरणांवाचून ते निरुपद्रवी धूळ होत. या संशोधनाचा हवाला देऊन कर्करोगावर कोणी भस्माची पुडी विकू लागला, तर तो हवाला खोटा समजावा.

या विषयाला खरी चालना मिळाली ती २००४ मध्ये. जेम्स हेनफेल्ड, डॅनियल स्लॅटकिन आणि हेन्री स्मिलोविट्झ या अमेरिकन संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाच्या गाठी असलेल्या उंदरांच्या शिरेत १.९ नॅनोमीटरचे सुवर्णकण सोडले आणि लगेच २५० हजार व्होल्टच्या यंत्रातील क्ष-किरण गाठीवर धरले. केवळ किरण मिळालेल्या उंदरांपैकी शेकडा २० एका वर्षानंतर जिवंत होते. केवळ सोने मिळालेल्यांपैकी एकही नव्हता. सोने आणि किरण दोन्ही मिळालेल्यांपैकी शेकडा ८६ जिवंत होते. एवढा ठसठशीत फरक या क्षेत्रात क्वचितच दिसतो, आणि त्यानंतर जगभर या विषयावर शोधनिबंधांचा पूर लोटला यात नवल नाही.

पण त्या प्रयोगाचे दोन तपशील बातम्यांमध्ये सहसा येत नाहीत. पहिला सोन्याच्या प्रमाणाचा. उंदरांना त्यांच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे २.७ ग्रॅमपर्यंत सोने दिले होते. हाच हिशेब साठ किलो वजनाच्या माणसाला सरळ गुणाकाराने लावला तर १६२ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चौदा तोळे सोने शिरेतून द्यावे लागेल! उंदरावरून माणसाचे प्रमाण इतक्या सरळपणे काढता येत नाही, हे खरे. तरी अडचणीचा आवाका यावरून कळावा.

दुसरा तपशील अधिक मूलभूत आहे. २५० हजार व्होल्टची यंत्रे खोलवरच्या कर्करोगांच्या उपचारांतून बहुतांशी हद्दपार होऊन बराच काळ लोटला. त्यांचे किरण त्वचेलाच अधिक भाजीत आणि खोल पोचत नसत. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० चे गॅमा किरण रुग्णांवर वापरले गेले. पुढे रेखीय त्वरक आले, आणि साठ लाख व्होल्टचे झोत नित्याचे झाले. हे किरण त्वचेला बरेचसे वाचवून आत जातात. मात्र या उच्च ऊर्जेला अणुक्रमांकाचा तो घाताचा नियम लागू होत नाही. तेथे किरण अणूंच्या इलेक्ट्रॉनांवर आदळून विखुरतात, आणि त्या बाबतीत एक ग्रॅम सोने व एक ग्रॅम पाणी यांत फारसा फरक उरत नाही. म्हणजे ज्या किरणांसाठी सोने गुणकारी ते किरण वैद्यकाने टाकून दिलेले, आणि जे किरण वैद्यकाने जवळ केले त्यांच्यापुढे सोन्याचे सोनेपण फिके! कागदावरचे गणित एवढ्यावर थांबले असते तर हा विषय २००४ च्या सुमारासच मिटावयास हवा होता.

तो मिटला नाही, याचे कारण पेशींनी गणित ऐकले नाही. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये तीन प्रकारच्या मानवी पेशींना सुवर्णकण पाजून त्यांवर उच्च ऊर्जेचे किरण सोडले. तिन्ही प्रकारच्या पेशींनी सोने आत घेतले. पण स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी किरणांना अधिक बळी पडल्या, आणि उरलेल्या दोन प्रकारांत तसे काही घडले नाही. गणित केवळ खरे असते तर तिन्हींत परिणाम नगण्य दिसावयास हवा होता. गणित केवळ खोटे असते तर तिन्हींत दिसावयास हवा होता. याचा उलगडा दोन दिशांनी केला जातो. एक अशी की, उच्च ऊर्जेच्या झोतातून शरीरात गेल्यावर कमी ऊर्जेचे दुय्यम किरण व इलेक्ट्रॉन निपजतात. ते धातूच्या कणावर आदळले की कणाच्या अगदी निकट, काही नॅनोमीटरच्या परिघात, ऊर्जेचा भडका उडतो, आणि सरासरी मात्रेच्या हिशेबात तो दिसत नाही. दुसरी अशी की, धातूचे कण पेशीच्या रसायनातच ढवळाढवळ करतात. क्रियाशील ऑक्सिजनचे घटक वाढवितात, पेशीच्या ऊर्जाकेंद्रांना इजा करतात, तुटलेला डीएनए सांधण्याच्या कामात खोडा घालतात. दोन्हींतले कोणते किती खरे, हे पेशीगणिक बदलत असावे. जो उपाय भौतिकशास्त्राच्या एका स्वच्छ नियमातून निघाला त्याची कमाई बहुधा जीवशास्त्राच्या गुंतागुंतीतून होत आहे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. कारण नियम सर्वत्र सारखा असतो, गुंतागुंत रुग्णागणिक निराळी.

कण गाठीत न्यावयाचे कसे, ही पुढची पायरी, आणि अनेक आशा येथेच अडखळल्या. जपानमधील माएदा आणि मात्सुमुरा यांनी १९८६ मध्ये दाखविले होते की, गाठीतील घाईघाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यांतून मोठे रेणू गाठीत झिरपतात आणि निचरा नीट नसल्याने तेथेच साठून राहतात. नॅनोकणांच्या साऱ्या औषधयोजनेचा पाया पुढे यावरच रचला गेला. परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात आधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र मांडून पाहिले, तेव्हा शिरेतून दिलेल्या कणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण शेकडा ०.७ एवढेच निघाले. शंभरातला एकही कण धड पोचत नाही! पुष्कळसे यकृत आणि प्लीहा वाटेतच उचलून घेतात. परक्या कणांना पकडणे हे त्या इंद्रियांचे कामच आहे.

म्हणून रुग्णालयाच्या दारापर्यंत जे दोन उपाय प्रथम पोचले ते सोन्याचे नव्हते, आणि त्यांनी ही अडचण दोन निरनिराळ्या वाटांनी टाळली. पहिला हाफ्नियम या धातूच्या ऑक्साइडचा. हाफ्नियम १९२३ मध्ये कोपनहेगन येथे सापडले. त्या नगराच्या लॅटिन नावावरून त्याचे नाव पडले, आणि त्याचा अणुक्रमांक ७२. अणुभट्टीतील नियंत्रक दांड्यांसाठी ते ठाऊक होते. औषधात त्याचा कोणी विचार केला नव्हता. पॅरिसच्या नॅनोबायोटिक्स या कंपनीने त्याच्या ऑक्साइडचे सुमारे पन्नास नॅनोमीटरचे कण तयार केले. रक्ताच्या मार्गाने कण जात नसतील तर सुईने थेट गाठीत सोडावे, असा हा रोखठोक विचार होता. गाठीच्या आकारमानाच्या दहाव्या हिश्श्याइतके द्रव किरणोपचारापूर्वी एकदाच टोचावयाचे, पुढचा उपचार नेहमीसारखा.

हातापायांच्या आणि धडाच्या मऊ ऊतींत होणाऱ्या सार्कोमा या कर्करोगाच्या १८० रुग्णांवर, अकरा देशांत, याची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व रुग्णांना पंचवीस हप्त्यांत पन्नास ग्रे किरण दिले गेले व नंतर गाठ शस्त्रक्रियेने काढण्यात आली. अर्ध्या रुग्णांना त्याआधी कण टोचले होते. काढलेल्या गाठीत जिवंत कर्करोगपेशी शेकडा पाचाहून कमी उरल्या असतील, तर गाठ जवळजवळ पुरती मेली असे मानावयाचे ठरले होते. केवळ किरण मिळालेल्यांपैकी शेकडा ८ रुग्णांत असे घडले, कण मिळालेल्यांत शेकडा १६. प्रमाण दुप्पट झाले, असे सांगण्यात आले, आणि ते खोटे नाही. पण आकडे उलगडून पाहिले तर ८९ पैकी ७ आणि ८७ पैकी १४ असे ते आहेत. साऱ्या चाचणीचा डोलारा सात रुग्णांच्या फरकावर उभा आहे. एवढी तफावत केवळ योगायोगाने दिसण्याचा संभव शेकडा साडेचारच्या आसपास होता, म्हणजे मान्य मर्यादेच्या जेमतेम आत. गाठ अधिक मेली म्हणून माणूस अधिक जगला, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. काही रुग्णांना टोचल्या जागी वेदना झाल्या, काहींचा रक्तदाब घसरला. युरोपात याच आधारावर २०१९ मध्ये या कणांना विक्रीची अनुज्ञा मिळाली, आणि तीही औषध म्हणून नव्हे, वैद्यकीय साधन म्हणून! कण रासायनिक दृष्ट्या काही करीत नाहीत, हे त्यामागचे समर्थन होते. अमेरिकेतील नियंत्रकांनी मात्र त्यांची गणना औषधातच केली.

दुसरा उपाय गॅडोलिनियमचा, अणुक्रमांक ६४. चुंबकीय अनुनादाच्या तपासणीत, ज्याला बोलीत एमआरआय म्हणतात, चित्र स्पष्ट यावे म्हणून हा धातू पूर्वीपासून टोचला जातो. फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे २०१६ ते २०१८ या काळात, कर्करोग मेंदूत अनेक ठिकाणी पसरलेल्या पंधरा रुग्णांना पाच नॅनोमीटरच्या आसपासचे गॅडोलिनियमयुक्त कण शिरेतून देण्यात आले आणि मग संपूर्ण मेंदूवर किरण दिले गेले. हे कण इतके लहान असतात की मूत्रपिंडे त्यांना बाहेर टाकू शकतात. आणि ते गाठीत पोचले की नाही, हे एमआरआयच्या चित्रातच दिसते. पंधरा रुग्णांवरून गुण आला की नाही हे ठरत नसते. उपाय सोसवतो काय, एवढे पाहावयाचे होते, आणि तो सोसवला.

येथवरची कहाणी अमेरिका व युरोपची झाली. ती भारतीय रुग्णाच्या उंबरठ्याशी येते ती तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगापाशी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण होते, आणि त्यांतील सुमारे १ लाख ४३ हजार ओठांच्या व तोंडाच्या कर्करोगाचे. पुरुषांत हाच पहिल्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. ती कितपत पाळली जाते हे कोणत्याही पानटपरीवर कळेल. या कर्करोगात किरणांबरोबर सिसप्लॅटिन हे औषध देण्याचा प्रघात आहे. गमतीची गोष्ट अशी की, सिसप्लॅटिन हेही धातूचेच संयुग आहे. प्लॅटिनमचा अणुक्रमांक ७८, सोन्याच्या अगदी शेजारचा. पण त्याचे काम रासायनिक आहे. ते डीएनएला चिकटून बसते. आणि ते कठोर आहे. मूत्रपिंडे अधू असलेल्या, कमी ऐकू येणाऱ्या, वयाने थकलेल्या पुष्कळांना ते सोसत नाही. अशांना आजवर निव्वळ किरणांवर भागवावे लागे.

हाफ्नियमच्या कणांची मोठी चाचणी २०२२ मध्ये सुरू झाली ती नेमकी अशाच रुग्णांसाठी: डोके व मानेचा कर्करोग झालेले, सिसप्लॅटिन न झेपणारे ज्येष्ठ रुग्ण, अपेक्षित संख्या सुमारे पाचशे. तुलनेसाठी निव्वळ किरण, अथवा किरणांबरोबर सेटक्सिमॅब हे महागडे प्रतिपिंड-औषध, असा गट आखला गेला.

आणि २०२३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी याच प्रश्नाचे आपले उत्तर प्रसिद्ध केले. त्यांनी सिसप्लॅटिन न झेपणाऱ्या ३५६ रुग्णांपैकी अर्ध्यांना निव्वळ किरण दिले आणि अर्ध्यांना किरणांबरोबर आठवड्यातून एकदा डोसेटॅक्सेलची अल्प मात्रा. डोसेटॅक्सेल हे जुने औषध. त्याच्यावरचे स्वामित्वहक्क संपलेले, ते अनेक भारतीय कंपन्या बनवितात. दोन वर्षांनंतर निव्वळ किरण मिळालेल्यांपैकी शेकडा ४१.७ जिवंत होते, आणि डोसेटॅक्सेल मिळालेल्यांपैकी शेकडा ५०.८. शंभरामागे नऊ माणसे, आणि तीही कोणत्याही नवलाईच्या मथळ्याविना.

या नऊ माणसांची किंमत दुसऱ्या रकान्यात लिहिलेली आहे. तोंड आतून तीव्र सोलवटण्याचे प्रमाण निव्वळ किरणांत शेकडा २२ होते, डोसेटॅक्सेलमुळे ते जवळजवळ ५० वर गेले. आणि धातूच्या कणांची बाजू घ्यावयाची तर ती येथेच घेता येईल. कण गाठीत बसतात, औषध अंगभर फिरते. कणांसाठी एकदाच सुई टोचावी लागते आणि तोंडातील गाठ सुईच्या टप्प्यात असते; डोसेटॅक्सेलसाठी दर आठवड्याला शीर शोधावी लागते. यवतमाळहून किंवा बीडहून आलेला जो रुग्ण परळ-दादरच्या धर्मशाळेत सात आठवडे काढतो आणि पेज गिळतानाही कळवळतो, त्याच्या दृष्टीने ही बाब दुय्यम नाही. जगण्याचे प्रमाण सारखेच राहिले आणि तोंड मात्र वाचले, तरी कणांनी आपले मोल सिद्ध केले, असे म्हणावे लागेल. उलट बाजूही आहे. सार्कोमात गाठ कापून काढली गेली तेव्हा तिच्याबरोबर कणही गेले. घशातील गाठ किरणांनीच बरी करावयाची असते, ती कापली जात नाही. तेथे हाफ्नियम कायमचे राहणार, आणि दहा-वीस वर्षांनी ते काय करते हे पाहावयास दहा-वीस वर्षेच लागतील.

म्हणजे भारतीय रुग्णासाठी तुलना करावयाची ती कण आणि निव्वळ किरण यांची नव्हे. कण आणि डोसेटॅक्सेल यांची करावयाची, आणि जगण्याच्या आकड्याबरोबर तोंडाच्या जखमांचा व खर्चाचा आकडाही मांडावयाचा. २०२२ ची चाचणी आखणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. टाटामधील निष्कर्ष तेव्हा प्रसिद्ध झाले नव्हते. पण युरोप-अमेरिकेतील कंपनी आपल्या महागड्या कणांची गाठ भारतातील स्वस्त औषधाशी आपण होऊन घालून देईल, अशी अपेक्षाही धरता येत नाही. ते काम येथल्यांनाच करावे लागेल, आणि त्याला लागणारे सामान येथे आहे. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने स्वदेशी कोबाल्ट यंत्र बनविले, ते २००५ मध्ये खारघरच्या टाटा संशोधन केंद्रात प्रथम बसले, आणि पुढे देशातील इतर रुग्णालयांतही गेले. कोबाल्टच्या किरणांची ऊर्जा सव्वा दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. साठ लाख व्होल्टच्या त्वरकाच्या झोताची सरासरीही त्याहून फार निराळी नसते. धातूचे कण त्वरकाखाली काम करीत असतील तर कोबाल्टखाली न करण्याचे भौतिकशास्त्रात काही कारण दिसत नाही. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालकात देशभरची रुग्णालये टाटा मेमोरियलशी जोडली गेली आहेत. तीनशे-चारशे रुग्ण, दोन गट, दोन वर्षांची नोंद, एवढीच या तुलनेची गरज आहे, आणि सिसप्लॅटिन न झेपणारे तेवढे रुग्ण परळच्या एका रुग्णालयाने एकदा गोळा करून दाखविलेच आहेत.